आजोबांचं फिटलेलं कर्ज आणि माझ्या पाच खेपा

गावचं घर विकायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, छळेल ते छप्पर. घोडं अडलं ते सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात. तिथे आजोबांच्या नावाने विकास सेवा सोसायटीचा 1,200 रुपयांचा बोजा, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाची नोंद. आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली, कर्ज त्यांनी हयातीतच फेडलेलं. पण बोजा कमी करायला कुणी गेलंच नाही, आणि सातबारा आपणहून काही विसरत नाही.

वारस नोंद वडिलांनी आधीच करून ठेवली होती, ते एक बरं. घेणारा पुण्याचा. आमची जागा शेतीची असल्यामुळे त्याच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा आहे का, हे मी पहिल्याच फोनवर विचारलं होतं. तुम्हीही चहापाण्याच्या आधी विचारा. त्याच्या वकिलाने उतारा पाहिला आणि सांगितलं, “बोजा कमी करून आणा, मग इसार.”

तोवर मी सुतार लावून बसलो होतो. छपराचा वाळवीने पोखरलेला कोनवासा बदलायचा, कौलांखालच्या रिपा नव्या मारायच्या, वानरांनी फोडलेली कौलं काढून सगळी परतायची. हा उलटा क्रम करू नका. आधी 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, त्यातला शब्द न् शब्द वाचा, मग कौलाला हात लावा.

सोसायटीचा कारभार गटसचिव बघतो. आमच्या गटसचिवांकडे तीन सोसायट्या, आमच्याकडे ते मंगळवार-शुक्रवार. पहिल्या मंगळवारी ते तालुक्याला मीटिंगला. शुक्रवारी भेटले, पण जुन्या दप्तराच्या कपाटाची किल्ली चेअरमनकडे, आणि चेअरमन पुतण्याच्या लग्नाला मुंबईला. मधल्या दिवसांत शिमगा. गावात पालखी नाचत होती, मी तिच्यासमोर उभा राहून गाऱ्हाणं घातलं, त्यातही बोजाच होता.

तिसऱ्या खेपेला कपाट उघडलं. लाल कापडी बांधणीची खतावणी, म्हणजे खातेवार हिशेबाची वही; पान उलटलं की भुगा पडायचा. आजोबांचं खातं सापडलं. शेवटच्या ओळीत ‘पूर्ण फेड’ असं तांबड्या शाईत स्वच्छ लिहिलेलं, आणि बरोबर पावती क्रमांकाच्या जागी कसरीने खाल्लेलं भोक. तारखेतलं 1983 तेवढं वाचलेलं.

गटसचिव म्हणाले, “भाऊ, पावती नंबराशिवाय दाखला कसा देऊ? उद्या ऑडिटला मी काय दाखवू?”

“आजोबांची पावती मी कुठून आणू?”

“घरी बघा ना. जुनी माणसं सगळं जपून ठेवायची.”

घरी बघितलं. माळ्यावरच्या ट्रंकेत पत्रिका, दोन पंचांगं आणि पितळी अडकित्ता. पावती नाही.

चौथ्या खेपेला मी म्हटलं, रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, द्या, मी शोधतो. खात्यात जमा झाली असेल तर त्या दिवशीच्या रोजकिर्दीतही असणारच. त्यांना ते पटलं, किंवा कंटाळा आला असेल. दोन तास एका पायाने डुगडुगणाऱ्या बाकावर बसून 1983 ची पानं उलटली. पावती क्रमांकासकट नोंद सापडली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेर खताच्या गोणी मोजणारा माणूस आत डोकावला. येणे बाकी नसल्याचा दाखला त्याच दिवशी हातात.

तो घेऊन तलाठ्यांकडे गेलो. त्यांनी उलटसुलट बघून परत केला. दाखल्यावर सोसायटीचा शिक्का होता, पण जावक क्रमांक नव्हता. म्हणजे पुन्हा शुक्रवार. पाचवी खेप फक्त चार आकडे लिहून घ्यायला! दाखला हातात पडला की तिथेच सही, गोल शिक्का, तारीख आणि जावक क्रमांक बघा. उंबरठा ओलांडल्यावर नको.

त्यानंतर ई-हक्क या सरकारी पोर्टलवर बोजा कमी करण्याचा अर्ज केला. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, धरला गेला, 15 दिवसांची नोटीस निघाली. आता हरकत घेणार कोण? पण थांबावं लागतं.

त्या थांबण्यातच चैत्र शुद्ध अष्टमी आली. सुतार दुसऱ्याचं छप्पर शाकारायला गेलेला. पावसाआधी सगळ्यांनाच तो हवा असतो. मी वडिलांची मासे गरवायची काठी काढली, आमिषाला पसाभर सुंगटं (कोळंबी) घेतली आणि पहाटे खाडीवर गेलो. घर गेल्यावर पुन्हा तिथे बसायचं निमित्त राहणार नव्हतं.

वाटेत शेजारचे तात्या भेटले. “आज गरवायला? अरे, भांगाचा पाणी हाय, काय गावनार?”

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते हे मला लहानपणापासून पाठ. आठाची पाऊणपट सहा, सहाला पूर्ण भरती, म्हणून मी खूश होतो. वेळ बरोबर होती. पण अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ते उधाणासारखं चढत नाही, ओढही नसते, हे डोक्यात आलंच नाही. डोक्यात जावक क्रमांक होता ना. तांबोशीची आशा होती, शेंगटीही चालली असती. दहापर्यंत सुंगटं लहानसहान माशांनी कुरतडून नेली. शेवटची गरी कालवांच्या खडकात अडकली. ओढून बघितली, सैल सोडून बघितली, शेवटी दोरा तोडला. तेवढ्यात सुताराचा फोन: तुमच्या छपराला रिपा कमी पडतील, अजून दहा आणा.

घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून हर्णै बंदरात जाऊन बांगडे आणले. बायकोने पिशवीत बघून विचारलं, “हे खाडीत कधीपासून मिळायला लागले?”

मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार बाविसाव्या दिवशी प्रमाणित केला. तोवर मी ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिवसातून तीनदा बघत होतो; फेरफार क्रमांक लिहून ठेवला तर कार्यालयात जाऊन विचारायची गरज पडत नाही. इसार झाला. घेणाऱ्याने नव्या कौलांकडे मान वर करून बघितलंही नाही, विहिरीला मेपर्यंत पाणी असतं का, एवढंच विचारलं.

हो, आणि ग्रामपंचायतीचा, घराच्या नोंदीचा नमुना 8 चा उताराही आत्ताच काढून ठेवा. माझ्या उताऱ्यावर घर अजून ‘कुडाचे’ असं आहे, आणि भिंती चिऱ्याच्या. सोमवारी तिकडे जायचं आहे.