तीन हजार रुपये आणि माझं आडनाव

चवथीला मी मूळ घरी गेलो नाही असं आयुष्यात एकदाच झालं, २०२२ साली. त्या वर्षी चवथ ३१ ऑगस्टला होती आणि माझ्या टीबीच्या गोळ्यांचा तो दहावा दिवस होता. आमच्याकडे माटोळीखाली पंचवीस-तीस माणसं जेवायला बसतात, त्यात चुलतभावाची दोन तान्ही पोरं. आरोग्य केंद्रातली सिस्टर म्हणाली, "पंधरवडा जाऊ दे गांवकरबाब, मग कुणाच्याही पंगतीत बसा. गणपती पुढच्या वर्षी येतोच." मी घरी पेज खाल्ली आणि फोनवर आरती ऐकली.

मला विचारतात, सरकारी दवाखान्यात फार त्रास झाला असेल ना? दवाखान्यात अजिबात झाला नाही. तो भाग दहा ओळींत संपतो, म्हणून आधी तोच सांगतो.

जुलैपासून खोकला होता. पावसाळ्यात कुणाला नसतो? मी पिकअप चालवतो, लाद्या आणि सिमेंट वाहतो, तर धूळ म्हणून सोडून दिलं. खाजगी डॉक्टरकडे दोनदा गेलो, दोनदा बाटली मिळाली. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडावं लागलं तेव्हा बायकोने हाताला धरून आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "खोकला दोन आठवड्यांच्या वर आहे?" हो म्हटल्यावर हातात दोन डब्या. एका डबीत तिथल्या तिथे थुंकी, दुसरीत दुसऱ्या दिवशी सकाळची, उठल्याउठल्या, खोलवरून काढलेली. (नुसती लाळ चालत नाही, परत पाठवतात. माझी पहिली परत पाठवली.) ट्रूनॅट नावाच्या मशीनवर त्याच दिवशी निकाल आला: टीबी आहे, पण रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडतं. लॅबमधला मुलगा मशीनवर थाप मारून म्हणाला, "हे आपलं गोव्याचं, वेर्ण्याला बनतं." त्या क्षणी मला गोव्याचा अभिमान वाटण्याची परिस्थिती नव्हती.

मग साखर आणि एचआयव्हीची तपासणी. एचआयव्ही ऐकून मी सिस्टरवर ओरडलो, सगळ्यांसमोर. ती शांतपणे म्हणाली, "टीबीच्या प्रत्येक माणसाची करतो, तुमच्यावर संशय म्हणून नाही." त्याची माफी मी महिन्याभराने मागितली. त्याच आठवड्यात ती घरी आली, बायकोची आणि मुलीची तपासणी झाली, दोघी ठीक निघाल्या. तरी दोघींना सहा महिने आयसोनियाझिड, म्हणजे मला झालं ते त्यांना होऊ नये म्हणून. मुलगी चार वर्षांची. तिला गोळी घालायला रोज सकाळी जी कसरत व्हायची त्यापुढे माझ्या गोळ्या काहीच नव्हेत.

आता पैशांची गोष्ट.

टीबीच्या रुग्णाला सरकार पोषणासाठी पैसे देतं, निक्षय पोषण योजना म्हणून. तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. माझे सहा महिन्यांचे ३००० होत होते. दूध, अंडी, थोडं नुस्तं, म्हणजे मासे. दोन महिने गाडी उभी होती, त्यामुळे ५०० रुपये आमच्या घरात तेव्हा ५०० पेक्षा मोठे होते. पैसे थेट बँकेत जमा होतात, म्हणून पहिल्याच दिवशी पासबुकाची झेरॉक्स मागितली. मी दिली. कपाटात जी होती ती दिली, इथेच माझं चुकलं.

ते खातं ट्रकचं. आमच्या डिचोली भागात खाणी जोरात होत्या तेव्हा मी २००७ मध्ये कर्ज काढून ट्रक घेतला होता, त्या कर्जासाठी उघडलेलं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चात परत बंद. ट्रक विकला, कर्ज फेडलं, खातं तसंच राहिलं. त्यात शंभरेक रुपये होते. पिकअपचं भाडं लोक रोख देतात किंवा बायकोच्या फोनवर पाठवतात, त्यामुळे मला बँकेची गरजच पडली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी टीबीचा सुपरवायझर स्कूटरवरून आला. गोळ्यांचे रिकामे पत्ते मोजले आणि जाता जाता म्हणाला, "तुमचे पैसे रिजेक्ट आलेत. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, चुकतोय." चुकणार कसा, छापलेला आहे. तर आमची बँक १ एप्रिल २०२० ला दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली होती आणि जुना कोड बाद झाला होता. बरं, नवीन पासबुक घ्यायला गेलो. शाखा दुसऱ्या इमारतीत गेलेली. टोकन घेतलं, दीड तास बसलो, मास्क लावून. काउंटरवरच्या माणसाने खात्याचा नंबर टाकला आणि स्क्रीनकडे बघतच म्हणाला, खातं निष्क्रिय आहे. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं झोपतं म्हणे. केवायसी करा, फॉर्म भरा, सही करा.

सही केली. ती जुळेना.

२००७ ची माझी सही त्याने स्क्रीन फिरवून दाखवली. ट्रकवाल्याची सही होती ती! पुढचं अक्षर केवढं, शेपूट पार रेघेबाहेर गेलेलं. आणि ऑक्टोबरातली माझी सही, ४६ किलोच्या माणसाची, चिकटून बसलेली चार अक्षरं. दुसऱ्या कागदावर परत केली, तिसऱ्यावर केली. मागच्या बाईने घड्याळ बघितलं. चौथ्या वेळी मी स्क्रीनकडे बघून माझीच सही नक्कल केली, शेपटासकट. ती चालली.

मला वाटलं सुटलो. नोव्हेंबरात परत सुपरवायझर: "कोड बरोबर, खातं चालू, पण नाव जुळत नाही."

हे गोव्याबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे, तरी बघतो. आमचं आडनाव गांवकर. माझ्या वडिलांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, नोंदणी करणाऱ्याने रोमी लिपीत ते पोर्तुगीज पद्धतीने लिहिलं: जी, ए, यू, एन, सी, ए, आर. त्यात के नाही, ओ नाही. माझा जन्म १९७९ चा, गोवा मुक्त होऊन अठरा वर्षं झालेली, पण माझ्या जन्मदाखल्यावर वडिलांचं स्पेलिंग जसंच्या तसं उतरलं. मराठी शाळेत मास्तरांनी देवनागरीत बरोबर लिहिलं आणि दहावीच्या दाखल्यावर ते हल्लीच्या पद्धतीने ओ आणि के घालून आलं. ट्रकचं कर्ज जन्मदाखल्यावर झालं, आधार शाळेच्या दाखल्यावर. म्हणजे बँकेत मी एक माणूस आणि आधारवर दुसरा. अर्ध्या गोव्याच्या कपाटांत असे दोन-दोन माणसं पडलेली आहेत, एकमेकांना न भेटता.

बँकेत गेलो. ते म्हणाले, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. नोटरीकडे गेलो, केलं. त्या कामासाठी त्याच्याकडे छापील नमुनाच तयार होता, फक्त नावं भरायची. ते घेऊन परत टोकन. या वेळी काउंटरवर दुसरा माणूस, नवीन बदली होऊन आलेला. त्याने कागद उलटसुलट बघितला आणि हिंदीत सांगितलं की असं चालत नाही, नाव बदलल्याचं गॅझेट आणा. मी म्हटलं, मी नाव बदललेलंच नाही. तो म्हणाला, मग दोन नावं कशी? मी म्हटलं, पोर्तुगीजांना विचारा. तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता.

त्या दिवशी मी बँकेच्या पायऱ्यांवर बसलो. हिशेब केला: नोटरी, स्टँप, झेरॉक्स, पेट्रोल मिळून साडेआठशे रुपये गेले होते, आणि आले होते शून्य. घरी येऊन बायकोला म्हटलं, नको ते पैसे, समजू दिलेच नाहीत. ती म्हणाली, "मग गोळ्या पण नको म्हणशील." याला उत्तर नव्हतं, कारण दुपारी जेवताना माझ्या मनात तेच येऊन गेलं होतं. खोकला गेला होता, भूक लागत होती, पट्टा परत जुन्या भोकावर आला होता. बरा झालो की मग केंद्रात कशाला जायचं? आणि केंद्रात गेलं की तो पैशांचा विषय निघणार, म्हणून पाय निघेना.

दोन दिवस गेलो नाही. गोळ्या घरात चार दिवसांच्या उरल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सिस्टर दारात. चप्पल बाहेर काढली, खुर्ची ओढली आणि मुलीला आधी विचारलं, "गुळी घेतली गे?" मग माझ्याकडे वळली. रागावली नाही. अर्धवट सोडल्या तर पुढच्या वेळी याच गोळ्या लागू पडतील याची खात्री नाही, मग जास्त महिन्यांचं औषध, एवढंच म्हणाली. मी बँकेचं सगळं रडगाणं गायलो, प्रतिज्ञापत्र दाखवलं. तिने ते वाचलंही नाही. म्हणाली, "अरे देवा, त्या खात्याच्या मागे कशाला लागलात? पोस्टाचं काढा."

पोस्टाची पेमेंट्स बँक आहे. पोस्टमन मशीन घेऊन घरी येतो, आधार नंबर, अंगठा, झालं. नाव आधारवर आहे तेच खात्यावर येतं, त्यामुळे जुळण्याचा प्रश्नच नाही. आमचा पोस्टमन, जो मला लहानपणापासून ओळखतो आणि ज्याला मी रोज रस्त्यात हात करतो, त्याच्या पिशवीत हे मशीन होतं. खातं निघायला चहा थंड व्हायला लागतो तेवढा वेळ लागला. पासबुकाची सही नाही, शेपूट नाही.

मला राग कशाचा आला सांगू? हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही याचा. सिस्टरला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तुम्ही पासबुक दिलंत, मला काय ठाऊक ते झोपलेलं." तेही खरं. म्हणून तुम्हाला सांगतो: गोळ्या सुरू होतील त्याच दिवशी बघा, खातं चालू आहे का आणि त्यावरचं नाव आधारशी अक्षर न अक्षर जुळतं का. गोव्यात तर दोनदा बघा. शंका असली तर सरळ नवीन काढा, जुनं दुरुस्त करायच्या नादी लागू नका. आणि खाजगी डॉक्टरकडे उपचार घेत असलात तरी हे पैसे मिळतात, फक्त डॉक्टरने निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी पोर्टलवर, नोंद केलेली हवी. ती नोंद करणं २०१२ पासून त्यांना सक्तीचंच आहे.

आठवलं तसं आणखी थोडं. पहिल्या गोळीनंतर लघवी लाल-नारिंगी होते, घाबरू नका, ते रिफाम्पिसिन. मला कुणी सांगितलं होतं, पण मी ऐकलं नव्हतं, आणि पहाटे बायकोला उठवलं. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या. किती, ते वजनावर ठरतं: मला आधी तीन होत्या, दोन महिन्यांनी वजन ५१ झालं आणि दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा चार झाल्या. वजन वाढवल्याचं बक्षीस! इथांब्युटॉल नावाचं औषध डोळ्यांवर येऊ शकतं, लाल-हिरवा ओळखायला त्रास वाटला तर लगेच सांगायचं. मी गाडीवाला, त्यामुळे गाडी परत सुरू झाल्यापासून गोळ्या संपेपर्यंत प्रत्येक सिग्नलला रंग मोठ्याने म्हणायचो. शेजारी बसणाऱ्या हमालाला वाटलं मला वेड लागलं. पायांना मुंग्या आल्या तर तेही सांगा, त्यावर वेगळी गोळी मिळते. आणि फेणी बंद. घोटभर पण नाही, यकृतावर आधीच या गोळ्यांचा भार असतो. हे सिस्टर दर भेटीत विचारायची, आणि उत्तर द्यायच्या आधी माझ्या तोंडाकडे नाक आणायची.

जानेवारीच्या एका सकाळी फोन वाजला, २५०० रुपये एकदम जमा. मी लाद्या उतरवत होतो. गाडीतच बसून मेसेज तीनदा वाचला, नाव के घालून होतं. संध्याकाळी सुंगटं (कोळंबी) घेतली, मोठी.

फेब्रुवारीत शेवटची थुंकी दिली, त्यात काही सापडलं नाही. सिस्टरने कार्डावर रेघ मारली आणि म्हणाली, आता दर सहा महिन्यांनी एकदा दाखवायचं, दोन वर्षं. शेवटच्या ५०० चा मेसेज मार्चात आला. २०२३ ची चवथ मूळ घरी केली, माटोळीही मीच बांधली.

जुन्या बँकेतल्या खात्यात अजून एकशे बारा रुपये आहेत. ते काढायचे तर आधी गॅझेट आणायला हवं. राहू देत तिथेच.