पहिला अंक, सहाव्यांदा : खोका क्रमांक तीनची हालहवाल

मंडळी, मागच्या खेपेला मी छातीठोकपणे लिहिलं होतं की गणपतीच्या आत माझ्या कॉमिक्सचा तिसरा खोका लावून होईल. गणपती गेले, दिवाळी गेली, खोका काल रात्री पावणेबाराला लागला. उशिराचं कारण आळस नाही. (थोडा आहे.) खरं कारण प्रकाशक मार्व्हलची अंक मोजायची पद्धत.

नव्यांसाठी थोडक्यात : मी 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे २००१ पासूनचे अंक सलग जमवतोय, म्हणजे स्ट्राझिन्स्की लिहायला आला तिथपासून. त्याआधीचं मूळ अंकांत घ्यायची ऐपत नाही. शाळेत असताना गॉथम कॉमिक्सच्या भारतीय आवृत्त्यांवर भूक भागवली, आता पगार आहे म्हणून ही हौस. पहिले दोन खोके आधीच नीट लागले होते. तिसऱ्यात २०१२ नंतरचं सगळं जायचं होतं आणि तिथेच गाडी रुतली.

आधी जुना हिशोब. मालिका १९६३ ला सुरू झाली, १९९८ पर्यंत ४४१ अंक. १९९९ ला नव्याने १ पासून. ५८ झाल्यावर २००३ मध्ये त्यांनी एकदम ५०० छापला. ४४१ अधिक ५८ म्हणजे ४९९, पुढचा ५००. चोख. यात मला काही तक्रार नाही, चूक झाली आणि सुधारली. पहिले दोन खोके म्हणूनच एका रविवारात लागले.

७०० डिसेंबर २०१२ ला आला. त्यानंतर 'अमेझिंग' बंद करून 'सुपीरियर स्पायडर-मॅन' काढलं, ज्यात पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, शरीरात त्याचा शत्रू डॉक ऑक शिरतो. (कथा मला आवडली होती, हे लिहून ठेवतो, नाहीतर म्हणाल हा नुसता कुरकुरतो.) २०१४ ला 'अमेझिंग' पुन्हा १ पासून. १८ अंकांत गुंडाळलं. २०१५ ला परत १ पासून, ३२ अंक. आणि २०१७ मध्ये मुखपृष्ठावर थेट ७८९!

वही काढली. ७०० अधिक १८ अधिक ३२, झाले ७५०. पुढचा ७५१ हवा. 'सुपीरियर'चे ३१ त्यात घातले, ७८१. पुढचा ७८२ हवा. अजून सात अंक कुठून तरी आणायचे, म्हणजे आजूबाजूला जे काही निघालं होतं त्यातलं निवडून मोजायचं. वाण्याच्या उधारीच्या वहीतसुद्धा इतकी ओढाताण नसते.

त्यात दशांश. २०१४च्या मालिकेत १६.१ ते २०.१ असे पाच अंक आहेत. मालिका १८ वर संपली. म्हणजे १९ नावाचा अंक छापलेलाच नाही, पण १९.१ माझ्या हातात आहे! तो १८ च्या मागे ठेवायचा की १८.१ च्या, यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी पाचही दशांश एकत्र, वेगळ्या गठ्ठ्यात. कथा एकच आहे, वाचायलाही तसंच बरं.

आता हे लोक असं का करतात? नव्या वाचकाला कुठून सुरू करायचं ते कळावं म्हणून, असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेत ही कॉमिक्स मुख्यतः खास कॉमिक्सच्या दुकानांतून विकली जातात. दुकानदार मागणी आधी नोंदवतो आणि न खपलेला माल सहसा परत जात नाही. म्हणजे प्रकाशकाची विक्री दुकानदारापाशीच संपली, वाचकाने घेतलं का नाही ही दुकानदाराची डोकेदुखी. मुखपृष्ठावर १ दिसला की तो जास्त प्रती मागवतो. वर ठरावीक प्रती घेतल्या की एक दुर्मिळ व्हेरिएंट, म्हणजे वेगळ्या मुखपृष्ठाची प्रत, मिळणार, हे आमिष. दुसऱ्या-तिसऱ्या अंकाला मागणी घसरते, की दीड-दोन वर्षांत पुन्हा १.

हा खेळ जुनाच आहे. १९९१ चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह काढला, ८० लाखांवर प्रती गेल्या. एकेकाने पाचही घेतले, पुढे सोन्याच्या भावाने जातील म्हणून. तो अंक आजही स्वस्तात मिळतो. तो चितारणारा जिम ली पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांबरोबर 'इमेज' ही स्वतःची प्रकाशन संस्था काढायला बाहेर पडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. एका मुखपृष्ठामुळे नव्हे, हे मलाही कळतं. पण वाचकापेक्षा साठेबाजाकडे बघून दुकान चालवायची ती सवय सुटलेली नाही. मार्व्हलची प्रतिस्पर्धी डीसी, तिनेही २०११ ला सगळं १ पासून केलं होतं, पण २०१६ ला 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ९३४ वर परत आणलं आणि तेव्हापासून ती मोजणी मोडलेली नाही. आपलं 'अमेझिंग' मात्र २०१८, २०२२ आणि २०२५ ला पुन्हा १. मूळ १९६३ चा सोडून सहा पहिले अंक झाले!

याचा प्रसाद मलाही मिळाला. २०१४ चा पहिला अंक हवा होता. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे 'अमेझिंग स्पायडर-मॅन १' दिसला, वर्ष न विचारता पैसे भरले. आला २०१८ चा, जो माझ्याकडे होताच. आईने दोन्ही शेजारी ठेवून विचारलं, "अरे, एकच पुस्तक दोनदा कशाला आणलंस?" समजावून सांगायला लागलो आणि मधेच गप्प बसलो.

तर लावायची पद्धत ठरली ती अशी. २०१८ च्या मालिकेच्या मुखपृष्ठावर मोठ्या १ खाली बारीक अक्षरात 'एलजीवाय ८०२' असतं (एलजीवाय म्हणजे लेगसी, जुनी सलग मोजणी). म्हणजे खरा आकडा त्यांनाही ठाऊक आहे, फक्त भिंग लावून वाचावा लागतो. मी तोच धरतो. प्रत्येक पिशवीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कागदी स्टिकर, त्यावर पेन्सिलीने जुना आकडा. पेनने नको, डोंबिवलीच्या पावसाळ्यात शाई पसरते. स्टिकर पिशवीला, अंकाला नव्हे, हे सांगायला लागू नये.

मधले विभाजक म्हणून जुन्या लग्नपत्रिका वापरतोय. जाड असतात, फुकट असतात, उंचीला थोड्या कमी पडतात तेवढंच. दुसऱ्या खोक्यात ५४५ च्या मागे, जिथे पीटर आणि मेरी जेनचं लग्न सैतानाशी सौदा करून पुसून टाकलं, तिथे मामेभावाची पत्रिका आली आहे. मुद्दाम नाही. पण आता काढवत नाही.

सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. कसर एकाच बोर्डावर (अंकामागच्या पुठ्ठ्यावर) दिसली, बोर्ड फेकला, अंक बचावला.

राहिलेलं : २०२० मधले ५०.एलआर ते ५४.एलआर (हो, आकड्यांनंतर आता अक्षरंही; एलआर म्हणजे 'लास्ट रिमेन्स' ही कथा), त्यातला ५२.एलआर नाही. आणि २०१४ चा १ अजूनही नाही. कुणाकडे जादा असेल तर कळवा. बदल्यात द्यायला २०१८ चा १ आहे, उघडलेला नाही.