काटा ठरू द्या

रद्दीवाला आला की मी हातातलं काम टाकून दारात उभा राहतो. पैशांसाठी नाही, महिन्याच्या पेपरांचे येऊन येऊन येणार किती! मला त्याचा काटा बघायचा असतो. वर कडी, खाली हूक, मधे आकडे झिजलेली पितळी पट्टी आणि आत दडून बसलेली स्प्रिंग. शाळेच्या पुस्तकात याला ताणकाटा म्हणतात. आमच्या जिन्यात नुसता काटा.

गठ्ठ्याची सुतळी हुकात अडकवून त्याने हात सोडला की काटा सर्रकन आठाच्या जवळ जातो, उसळून वर येतो, चार हेलकावे खातो आणि चारावर निमूट उभा राहतो.

"आठ होते की हो!" मी दर वेळी म्हणतो.

"काटा ठरू द्या, साहेब," तोही दर वेळी म्हणतो.

त्या आठात लबाडी नसते, हे मला अकरावीत मार्क गमावून कळलं. वजन आणि स्प्रिंगची ओढ जिथे सारखी होते तिथे गठ्ठा थांबणार, म्हणजे चारावर, असं मी पेपरात ठासून लिहिलं होतं. सरांनी समोर लाल शाईत एकच शब्द लिहिला : 'वेग?' खरंच की! चारावर दोन्ही ओढी फिटतात, पण नेमका तिथेच गठ्ठा सगळ्यात जोरात धावत असतो. ज्या आकड्यावर त्याने थांबायला हवं, तो आकडा तो सुसाट ओलांडतो. मग स्प्रिंग त्याला आवरत नेते आणि बरोबर दुप्पट अंतरावर क्षणभर थांबवते. हवा आणि घासण थोडं खातात, म्हणून पुरते आठ होत नाहीत इतकंच. किलोला एक सेंटिमीटर ताणणारी स्प्रिंग धरली, तर खाली जायला साधारण 0.2 सेकंद. पापणी लवली की आठ हुकले.

'जेवढं ताणणं तेवढं बळ' हा स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने 1676 साली छापला, तो चौदा लॅटिन अक्षरांचा चिवडा करून. उलगडा केला 1678 मध्ये. शोध आपल्या नावावर राहावा, पण दुसऱ्याला कळू नये! आमच्या जिन्यातही असे लोक आहेत.

सुतळी ढिली ठेवून तोच गठ्ठा वीतभर उंचीवरून पडू दिला, तर हिशेब सतराच्या पुढे जातो. दहा किलोच्या काट्याची स्प्रिंग अशाने कायमची सैल पडते. म्हणून जाणता रद्दीवाला गठ्ठा तळहातावर घेऊन हळूच सोडतो. मग काटा उसळत नाही, सरळ चारावर येतो. गठ्ठा उतरताना जेवढी ऊर्जा मोकळी झाली, तिच्यातली निम्मी स्प्रिंगेत साठते आणि निम्मी तो तळहात गिळतो.

शेजारच्या आजींना हे सगळं मी एकदा उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची नजर मात्र काट्यावर नव्हती, गठ्ठ्याखाली होती.

"ते ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण त्याला आधी हात काढायला सांग."

काटा साडेतीनावर होता. हात निघाला, चार झाले.