नाव घोकू नका, आठवा

नवी माणसं भेटली की मी पूर्वी त्यांची नावं मनात घोकत बसायचे. आता घोकत नाही, आठवते. ऐकल्यावर लगेच एकदा, मग दोनेक मिनिटांनी, मग निरोप घेताना. दर वेळी अंतर थोडं वाढवायचं. लँडॉवर आणि ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये नावांवरच हा प्रयोग केला होता, आणि वाढत्या अंतराने आठवणं उपयोगी ठरलं होतं.

गोल बसून ओळख करून देताना मात्र आपल्या आधी बोललेल्याचं नाव हमखास निसटतं, कारण तेव्हा आपण स्वतःचं वाक्य जुळवत असतो. त्या माणसाकडे मी नंतर मुद्दाम जाते. "तुमचं नाव पुन्हा सांगाल?" एवढंच विचारते. आजवर कुणी रागावलेलं नाही, उलट चेहरा खुलतो.