माझा अनुभव : स्पिनसाठी पाहिलेली वाट

मी वेंगुर्ल्याची. विमान शिकायला घाटावरच्या एका फ्लाइंग क्लबात होते. मेडिकल, परीक्षा, पहिला सोलो (एकटीने उड्डाण), सगळं सुरळीत झालं. अडलं ते स्पिनच्या धड्यावर, म्हणजे पंखांची उचल तुटून विमान गरगरत खाली जातं त्यातून सावरायच्या धड्यावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

क्लबात डीए-४० हे नवं छोटं विमान होतं, पण त्याच्यात मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे. सेसना १७२ या दुसऱ्या छोट्या विमानात चालतं, तेही मागच्या सीट रिकाम्या आणि वजन 'युटिलिटी' गटाच्या (स्पिन चालणाऱ्या, कमी वजनाच्या) मर्यादेत असेल तरच. उरली जुनी सेसना १५२, आणि ती हँगरात पार्टची वाट बघत उभी. पार्ट येईपर्यंत पाऊस लागला. एका फेरीला हजारेक फूट उंची जाते, आणि सेसनाचं मॅन्युअल म्हणतं की जमिनीपासून ४,००० फुटांच्या वरच विमान सावरून झालेलं असावं. जुलैत ढग त्याच्या कितीतरी खाली. मला घरी पाठवलं. मामाचं रोजचं, "काय गो, तुजा विमान अजून नाय फिरला?" मग ऑफिसातून फोन : "स्पिन थिअरीवर भागवू, सही देतो." मी साफ नाही म्हटलं.

स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं, नुसत्या कमी वेगाने होत नाही, समोरच्या हवेशी पंखाचा कोन फार वाढला की होतो. ६० अंश कलून घेतलेल्या वळणात तोच स्टॉल ४१ टक्के जास्त वेगालाही गाठतो. स्टॉल होऊन एक पंख खाली पडला की हात आपसूक योक (विमानाचं हातातलं चाक) उलटा फिरवतो. त्याने पडलेल्या पंखाचा एलेरॉन (मागच्या कडेची हलती फळी) खाली येतो, कोन आणखी वाढतो आणि तो पंख आणखी स्टॉल होतो. ही सवय वाचून सुटत नाही. पावसात पडवीत खुर्ची टाकून मी तेवढंच घोकलं : पॉवर बंद, एलेरॉन मध्ये, उलटा रडर (पायाने चालणारी शेपटीची उभी फळी) पूर्ण, योक पुढे.

ऑक्टोबरात आकाश मोकळं झालं. नाक खाली गेलं, शेतं गरगरायला लागली, वेगाचा काटा मात्र खालीच. स्पायरल (स्टॉल न होता खाली जाणारी गिरकी) असतं तर तो चढत गेला असता. पाय शेवटपर्यंत दाबला, योक पुढे ढकलला, आणि फिरणं थांबलं! रडर सरळ करून हळूच वर काढलं. सरांनी विचारलं, "पुन्हा?" मी लगेच हो म्हटलं.

फी भरण्याआधी विचारा : स्पिन कुठल्या विमानात शिकवता, आणि ते आज उडतंय का? आणि हो, सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला स्टॉलची सूचना देणाऱ्या भोंग्याचं भोक असतं. रुमाल लावून तोंडाने हवा ओढली की भोंगा वाजतो. उडण्याआधी ते रोज तपासा.