हेल्मेटभोवतीचा वारा : दोन दिवस आणि ६४० किलोमीटर

पहाटे निघालो तेव्हा वारा पूर्ण पडलेला होता. दोन दिवसांत ६४० किलोमीटर अंतर कापायचे होते आणि सोबतीला धाकटी बहीण तिच्या मोटारसायकलवर होती. आमच्या दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या आहेत. फरक एवढाच, की तिच्या गाडीला मूळची आखूड विंडशील्ड आहे, तर मी निघण्याच्या आठवडाभर आधी दहा सेंटीमीटर जास्त उंचीची विंडशील्ड बसवली होती. मागच्या लांबच्या प्रवासात छातीवर सतत येणाऱ्या वाऱ्याने माझे खांदे आणि मनगटे आंबून गेली होती, त्यामुळे काच उंच केली की वारा अडेल आणि त्रास संपेल, हा विचार मला त्या वेळी पूर्णपणे पटलेला होता.

पहिल्या तासाभरात रस्ता वळणावळणाचा होता आणि वेग साठच्या वर जात नव्हता. छातीवरचा वारा खरोखरच थांबला होता. पुढे रस्ता मोकळ्या माळावर उतरला, वेग नव्वदवर गेला आणि हेल्मेट गदगदा हलू लागले. हा वाऱ्याचा नुसता दाब नव्हता, कारण दाबाला मान सरावते. कोणीतरी हेल्मेट दोन्ही हातांत धरून ते सेकंदाला अनेकदा डावीउजवीकडे झटकावे, असे ते हादरे होते. समोरचे फलक फिसकटून दिसत होते, दूरच्या वाहनाच्या एका दिव्याचे दोन होत होते आणि डोके स्थिर ठेवण्याच्या प्रयत्नात मी मान, जबडा आणि नकळत हँडलची पकडही आवळत गेलो. पकड आवळली की अंगाचे हेलकावे थेट हँडलमध्ये उतरतात आणि गाडीही अस्थिर वाटू लागते, हे त्या सकाळी फार स्पष्टपणे जाणवले.

दीडशे किलोमीटरवर थांबलो तेव्हा मान वळवताना कळ येत होती. बहीण मागून येत होती. तिने हेल्मेट काढता काढताच म्हटले, "दादा, तुझं डोकं मागून बघवत नाही रे. सारखं हलतंय. मला तर इथे काहीच जाणवत नाही."

आम्ही पुढचे पंधरा किलोमीटर गाड्या बदलून चालवल्या. ती माझ्यापेक्षा बरीच बुटकी आहे. माझ्या गाडीवर तिला ना छातीवर वारा लागला, ना डोक्याला हादरा बसला. तिच्या गाडीवर मला छातीवर भरपूर वारा लागला, मात्र डोके अगदी शांत राहिले. काच तीच, वेग तोच, वारा तोच; बदलली होती ती फक्त काचेच्या कडेपासून डोक्याची उंची. सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच पंधरा किलोमीटर.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विंडशील्ड वारा नाहीसा करत नाही, ती त्याला बाजूला सारते. काचेच्या वरच्या कडेवरून जाणारी हवा वेगवान असते आणि काचेच्या मागे, म्हणजे चालकाच्या छातीपुढे, जवळजवळ स्थिर हवेचा कमी दाबाचा खळगा तयार होतो. या दोन्हींच्या सीमेवर हवा गुंडाळली जाऊन भोवरे तयार होतात, ते एकामागून एक सुटत राहतात आणि मागे जाताना तो थर जाड होत जातो. हेल्मेट या थराच्या खाली असेल तर शांतता मिळते आणि वर असेल तर सलग, स्वच्छ झोत मिळतो. पण नेमके थरात सापडले, की प्रत्येक भोवरा त्याला एक धक्का देऊन जातो. त्यातच हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० वरून १०० वर जाताना वेग सव्वापट होतो, पण जोर दीडपटीहून अधिक होतो. माझ्या उंच काचेने वारा अडवला नव्हता. पूर्वी छातीवर येणारी ती सीमा तिने उचलून माझ्या कपाळाच्या उंचीवर आणून ठेवली होती.

त्यामुळे काच किती मोठी घ्यावी, या प्रश्नात मला आता रस उरलेला नाही. आपले डोके त्या थराच्या तुलनेत नेमके कुठे आहे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एक पैसाही न खर्चता मिळते. दुपारी सरळ, रिकामा रस्ता पाहून, वेग कायम ठेवून मी आधी पाठ वाकवून हळूहळू खाली आलो. साधारण पाच-सहा सेंटीमीटर खाली येताच कोणी दार लावून घ्यावे तसा हादरा थांबला. मग फूटरेस्टवर भार देऊन सीटवरून किंचित उठलो. तेवढ्याच उंचीवर डोके थराबाहेर आले आणि चेहऱ्यावर फक्त एकसारखा वारा राहिला. म्हणजे मी नेमका थराच्या मध्यभागी बसत होतो आणि काच आणखी पाच-सहा सेंटीमीटर वर गेली काय किंवा तेवढीच खाली आली काय, दोन्हींनी काम झाले असते. वर नेण्याचा मार्ग मी लगेच सोडून दिला. काचेची कड नजरेच्या रेषेपेक्षा थोडी खाली असावी, असे माझे ठाम मत आहे. पावसात किंवा रात्री समोरच्या दिव्यांत, ओरखडे पडलेल्या काचेतून रस्ता पाहावा लागणे मला धोक्याचे वाटते.

मुक्कामी पोहोचल्यावर विंडशील्डसोबत आलेली छोटी पिशवी उघडली. तिच्यात चार लांब बोल्ट आणि जाड रबरी वॉशर होते. काच हेडलाइटच्या आवरणाला अगदी चिकटवून बसवल्याने तिच्या खालच्या कडेतून हवेला वाटच नव्हती. मागचा खळगा भरून निघण्यासाठी खालून थोडी हवा आत येऊ दिली, तर वरून हवा ओढली जाण्याचे प्रमाण घटते. अनेक पर्यटन मोटारसायकलींच्या काचेला खाली किंवा मध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते ती याचसाठी. मी चारही बोल्टांखाली दोन-दोन वॉशर घालून काच बोटभर पुढे आणली. या कामात घाई करू नये. बोल्ट प्लास्टिकवर जास्त आवळला तर छिद्राभोवती केसासारखी बारीक चीर जाते आणि तीच पुढे वाढत जाते, म्हणून रबर किंचित दबले की हात थांबवावा. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून काच कुठे केबलला किंवा आरशाच्या दांड्याला घासत नाही ना, हेही पाहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरक पहिल्या काही किलोमीटरमध्येच कळला. हादरे गेले नव्हते, पण त्यांची धार गेली होती. फलक आता वाचता येत होते. टँक बॅग थोडी पुढे सरकवल्यावर टाकीच्या बाजूने हनुवटीखाली येणारा झोतही मंदावला. जॅकेटच्या बाह्यांचे पट्टे ओढून घेतले, तेव्हा दंडावरची सततची फडफड थांबली. या फडफडीने माणूस किती दमतो, हे ती थांबल्यावरच समजते. माझ्या हेल्मेटला उन्हासाठीची पुढची झडप आहे; ती वाऱ्यात शिडासारखी काम करते, म्हणून तीही काढून ठेवली.

आवाजाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती काचेने पूर्ण सुटत नाही. ताशी १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेने ८५ डेसिबलसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात. जिथे कायद्याची आडकाठी नाही, तिथे मी फोमचे इअरप्लग वापरतो. ते बोटांनी बारीक वळायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. हॉर्न आणि इंजिन त्यातूनही ऐकू येते, वाऱ्याची घरघर तेवढी मागे पडते.

दुपारनंतर आडवा वारा सुटला. एका लांब पुलावर ट्रकच्या मागे अडकलो तेव्हा सकाळची सगळी सुधारणा वाया गेल्यासारखे वाटले, कारण ट्रकच्या मागची हवा मुळातच फाटलेली असते आणि कोणतीही काच ती सांधू शकत नाही. मी अंतर वाढवत मागे गेलो आणि हादरे विरले. पूल संपल्यावर ओलांडताना ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताच बाजूने जोराचा ढकला बसला. गुडघ्यांनी टाकी धरलेली आणि कोपरे सैल सोडलेली असल्याने गाडी थोडी झुकली आणि आपली आपण सावरली.

शेवटचे साठ किलोमीटर उरले असताना एक कल्पना सुचली. काच खाली करता येत नसेल, तर डोके वर करून तोच परिणाम पाहता येईल. रेनकोटची घट्ट घडी करून ती सीटवर पट्ट्याने आवळून बांधली, पाय जमिनीला नीट टेकतात याची खात्री केली आणि निघालो. मी जेमतेम पाच सेंटीमीटर उंच झालो होतो. नव्वदच्या वेगाला हेल्मेट स्थिर होते. खांद्यांच्या वरच्या भागावर थोडा वारा येत होता, पण तो सलग होता आणि त्याला टेकून बसता येत होते. बहीण शेजारी आली, तिने एक नजर माझ्या डोक्याकडे टाकली आणि अंगठा वर केला.

मुक्कामी पोहोचल्यावर, उजेड असेपर्यंत, मी विंडशील्डच्या वरच्या कडेपासून पाच सेंटीमीटर खाली चिकटपट्टीची रेघ लावली, तिचा उतार दोन्ही बाजूंना सारखा आहे ना हे बहिणीकडून तपासून घेतले आणि काच कापण्यासाठी गाडीवरून उतरवली.