जिन्याखालची काडी

"मावशी, पाणी वर चढत नाही ना, म्हणून मी इकडून खणलं."

संध्याकाळी खाली उतरले, तर शेजारची सहा वर्षांची पोर चिखलात उकिडवी बसलेली. हातात एक काडी. डबक्यातलं पाणी झाडाच्या मुळाशी न्यायला पाट काढत होती. पाणी मध्येच अडलं. तिने मान तिरकी करून पाहिलं, एक खडा बाजूला केला, पाट जरा खोल केला. पुन्हा अडलं. पुन्हा खणलं. चौथ्या खेपेला पाणी सुळकन धावलं आणि ती अशी आनंदाने किंचाळली की मीही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात वरून हाक आली, "पुरे आता खेळ! अभ्यास कधी करणार?"

ती हाक अजून टोचतेय. तिच्या आईला दोष नाही, मीही घरी हेच म्हणते. पण उतार, धीर, चुकलेलं पुन्हा करून बघणं... हे सगळं तिला अर्ध्या तासात त्या चिखलानेच शिकवलं होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचं ३१वं कलम खेळाला मुलांचा हक्क मानतं. आपण मात्र तो अभ्यास उरकल्यावर बक्षीस म्हणून देतो.

वर जाताना तिने ती काडी जिन्याखाली नीट ठेवली. उद्यासाठी.

उद्या येऊ देतील ना तिला खाली?